बेगमला ताप येऊ द्या

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, गॅरेजच्या शेठला नाही, सख्ख्या भावालाही नाही. आत्यांच्या गाडीच्या ब्रेक-बूस्टरला जाणारी नळी मी बसवली होती, आणि ती नळी गाडीची नव्हतीच. आमच्या मोसंबीच्या बागेसाठी आणलेल्या ठिबकच्या बंडलातून तिचा तुकडा कापला होता.

माझ्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच. बाकीचं सगळं आत्यांबद्दल आहे. त्या विषयाला हात घातला की आजही मी खुर्चीत सरळ बसतो. त्यांच्या शेजारच्या सीटवर वाकून बसलेलं त्यांना खपत नसे.

आत्या माझ्या नात्यातल्या नव्हेत. अख्खं पडेगाव त्यांना आत्या म्हणायचं. दौलताबाद रोडला लागून त्यांचं पत्र्याचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. तिथं बायकांना शिकवत, आणि बायकांच्या मागं रांगेत थांबायची तयारी असलेल्या पुरुषांनाही. नवरा टॅक्सीवाला होता. तो गेल्यावर दिरानं टॅक्सी विकायला काढली तेव्हा, असं त्या सांगत, त्या गाडीत जाऊन बसल्या आणि चालवायला येईपर्यंत उतरल्याच नाहीत. हे कितपत खरं, देव जाणे. स्वतःची गोष्ट सांगताना त्या कधीच हातचं राखत नसत. "माझ्यासारखा पाय साऱ्या मराठवाड्यात दुसरा न्हाई," हे वाक्य लोकांनी वेळ सांगावी तितक्या सहज त्या बोलायच्या.

पाय म्हणजे खरोखरच पाय. आत्या अनवाणी गाडी चालवत. वैशाखातसुद्धा. चपला ओट्यावर काढून ठेवायच्या, गाडीपर्यंत तापल्या मातीतून टाचांवर चालत यायच्या, आणि बसल्या की आधी तळवा ब्रेकच्या पेडलवर टेकवून क्षणभर डोळे मिटायच्या. कुणी हसलं तर म्हणायच्या, "चपलेला काय कळतंय रे? तू पोळी चाखताना तोंडाला फडकं बांधतो व्हय?"

गाडीचं नाव बेगम. जुनी पांढरी पेट्रोल गाडी, तेव्हाच उतारवयाला लागलेली. शिकवणाऱ्याच्या बाजूला जास्तीचं ब्रेक-पेडल. ते एका दांडीनं शिकणाऱ्याच्या पेडलला जोडलेलं, म्हणजे एकानं दाबलं की दोन्ही हलायची. आत्या बेगमला शिव्या दखनीत घालत आणि लाड मराठीत करत. फोन आला तर पहिलं वाक्य ठरलेलं: "जय भीम. गाडी बाजूला घे, मग बोल." समोरचा माणूस घरात पलंगावर पडलेला असला तरी हेच.

शिकवायची तऱ्हा न्यारी. पहिले काही दिवस गाडी हलायचीच नाही. नुसतं ब्रेकवर पाय ठेवून बसायचं. एखादी पोरगी कंटाळून म्हणायची, "आत्या, कधी चालवायची?" त्यावर आत्या, "निघता कुणालाबी येतंय. थांबता येतंय का ते दाखव." पुढं गाडी हलली की शेजारी बसलेल्या आत्यांच्या मांडीवर घरी विरजलेल्या दह्याचं भांडं असायचं. ब्रेक अलगद लागला, दही मोडलं नाही, तर भांडं त्या पोरीचं. धक्का बसून पाणी सुटलं, तरी भांडं तिचंच, पण वर शेरा: "आज घरी कढी कर. अन् का केली ते सासूला खरं सांग." अशा कढ्या खाऊन पडेगावातली किती घरं तयार झाली याची गणती नाही.

बूस्टर म्हणजे काय, हे मी आयटीआयमध्ये शिकलो होतो. पण कळलं आत्यांच्या तोंडून. बॉनेट उघडून त्या मागच्या बाजूचा तो काळा गोल डबा दाखवायच्या. "हे बघा गं. ब्रेक तुम्ही मारताय असं वाटतंय ना? तुमचा पाय नुसता अर्ज करतोय. इंजिन हवा ओढतंय, ती ओढ या नळीतनं या डब्यात येती, अन् हा डबा तुमचा अर्ज जोरात पुढं ढकलतोय. ओढ पोचली न्हाई की अर्ज पडून ऱ्हाणार, अन् पायाखाली दगड."

मग त्यांची परीक्षा. तिच्याशिवाय त्या चावी हातात देत नसत. "इंजिन बंद. पेडल दाब, सोड, दाब, सोड. डब्यातली शिल्लक ओढ संपू दे. घट्ट झालं? आता दाबून धर अन् चावी फिरव. इंजिन लागताच पाय जरा खाली गेला? गेला तर बेगम खुश. न्हाई गेला तर उतर, रिक्षानं घरी जा."

सगळं गॅरेज या परीक्षेची टिंगल करायचं. आमचे शेठ म्हणायचे, "आपा, तुम गाडी चलाना सिखारे या नमाज?" पण शेठ स्वतःही ग्राहक नसताना ती परीक्षा करायचे. मी पाहिलंय.

तर ती नळी. एका संध्याकाळी आत्या गाडी घेऊन आल्या. "बेगम सुस्कारे टाकायली. पाय दाबला की फुस्स म्हणती." बघितलं तर रबरी नळीला चीर पडलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या पोरींची लायसनची परीक्षा होती, आणि सणामुळं स्पेअरची दुकानं बंद. माझ्या मोटरसायकलच्या मागं वडिलांनी मागवलेलं ठिबकचं बंडल बांधलेलं. बारीक, काळी, नवी कोरी नळी. मापात बसली. दोन्ही बाजूंनी क्लिपा आवळल्या. परीक्षा घेतली, पाय झकास खाली गेला. सणानंतर बदलू, असं मनात म्हणालो.

"नवी टाकली का रे मिस्तरी?" आत्यांनी विचारलं.

"नवीच आहे," मी म्हणालो. खोटं नव्हतं. नळी नवीच होती.

सणानंतर काम आलं, कामावर काम आलं. वर धुळीचा थर बसल्यावर ती नळी रबरी नळीसारखीच दिसायला लागली. मलासुद्धा.

उन्हाळ्यात वैशाली शिकायला आली. शेंद्र्याजवळच्या गावची. तिथल्याच एका कारखान्यात पार्ट निवडायच्या टेबलावर होती. पक्कं लायसन आण, मालाच्या पिकअपवर घेतो, असं तिथल्या सुपरवायझरनं तिला सांगितलेलं. घरी आई राजी, भाऊ नाराज. तो रोज तिला सोडायला यायचा आणि उन्हात मोटरसायकलवर तोंड पाडून बसून राहायचा. आत्या त्याला लांबून ओरडायच्या, "ये की, तूबी शीक! दही हाय!"

त्या दुपारी वैशाली दौलताबादचा घाट उतरत होती, आत्या शेजारी. उतारावर ब्रेक लागत आले, लागत आले, आणि खालच्या वळणापाशी पेडल दगड झालं. गाडी हळू होती म्हणून निभावलं. बेगम रसवंतीचा मांडव अंगावर घेऊन उसाच्या मोळ्यांत घुसली. वैशालीच्या कपाळाला टेंगूळ आलं. बाकी कुणाला काही नाही.

रसवंतीवाला पोलिसांत म्हणाला, "पोरगी नुसती किंचाळली, ब्रेक मारलाच न्हाई. रस्त्यावर चाकाची रेघ हाय का कुठं?" रेघ नव्हती. भाऊ म्हणाला, "झालं आता. उद्यापास्नं घरी बस." आणि पडेगाव म्हणालं, म्हातारीला डुलकी लागली असणार.

वैशाली आत्यांना एकच विचारत राहिली, "आत्या, मी दाबला होता ना? मला तर दाबल्यासारखा वाटला." ते ऐकायला मी तिथंच होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी ओढून आणून आत्यांच्या अंगणात लावली होती. पुढचा बंपर वाकला होता, इंजिन शाबूत. शेठनी मला तपासायला पाठवलं. दुपारी, घाटात, इंजिन तापल्यावर दगड झाला, हे ऐकलं तेव्हाच मला ती नळी आठवली होती. तरी मी बसलो. दाबलं, सोडलं, दाबलं, सोडलं, धरलं, चावी फिरवली. पाय खाली गेला. त्या सकाळी मला जे ऐकायचं होतं तेच माझ्या पायानं सांगितलं. मी खाली उतरलो आणि म्हणालो, "ब्रेक ओके आहे."

वैशाली ओट्यावर बसली होती. ती उठली आणि मोटरसायकलवर भावाच्या मागं जाऊन बसली.

आत्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्या घरात गेल्या, सायकलची साखळी आणि कुलूप घेऊन आल्या, पुढच्या जाळीतून ओवून बॉनेट बांधून टाकलं आणि किल्ली मंगळसूत्रासारखी गळ्यात घातली. परिवहन कार्यालयातल्या साहेबांना फोन लावला. "जय भीम. गाडी बाजूला घ्या, मग बोला." साहेब म्हणाले असावेत की मी ऑफिसात आहे. "बरं, मग बसा. तुम्ही माझ्या गाडीची चौकशी करणार हाव ना? माझ्या अंगणात या. पोरीचा पाय खोटा निघाला तर स्कूलची पाटी मी माझ्या हातानं उतरवते. अन् माझाबी पाय त्याच दांडीवर व्हता, त्याचाबी निकाल लावा."

साहेबांना यायला वेळ लागला. मधल्या दिवसांत मी दुकानातून बूस्टरची खरी रबरी नळी घेतली, खिशात घातली आणि आत्यांकडं गेलो. गुपचूप बदलून टाकायची, एवढाच विचार.

"काय मिस्तरी, कामून आलास?"

"बघावं म्हणलं परत एकदा. कुलूप काढा की, पाच मिनिटांचं काम आहे."

"कसलं काम? तूच म्हणला ना ओके हाय? ओके गाडीत तुला काम कसलं निघालं?"

 त्यांनी चहा दिला. मी प्यालो आणि नळी खिशात तशीच घेऊन परत आलो.

चौकशीच्या दिवशी आत्यांचं अंगण जत्रेसारखं भरलं होतं. त्यांनी जुन्या सगळ्या पोरींना निरोप धाडले होते. कुणी शाळेच्या व्हॅनवरून आली, कुणी कडेवर लेकरू घेऊन. शेठ आले, रसवंतीवाला आला. वैशालीला आणायला आत्या स्वतः रिक्षानं गेल्या होत्या, आणि तिचा भाऊ मागं मागं मोटरसायकलवर आला होता.

साहेब तसे भले. त्यांनी ऊन चढायच्या आत काम उरकायचं ठरवलेलं. आत्यांनी कुलूप काढलं, साहेबांनी बॉनेट उघडून वरवर पाहिलं, बंद केलं, बसले, परीक्षा घेतली. पाय खाली गेला.

"ब्रेक व्यवस्थित आहे की हो आत्या."

शेठ म्हणाले, "बोल्या था ना मैं, आपा. गाडी मख्खन है."

गर्दी हळहळली. भाऊ मोटरसायकलकडं निघाला. आत्या मात्र हलल्या नाहीत.

"इंजिन चालू ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "बॉनेट बंद. गाडी उन्हात. बेगमला ताप येऊ द्या."

"म्हणजे किती वेळ?" साहेबांनी घड्याळ बघितलं.

"साहेब, लेकरू रातभर तापलं, अन् सकाळी अंग उतरल्यावर तुम्ही त्याला दवाखान्यात नेलं, तर डॉक्टर काय म्हणंल? ठणठणीत हाय म्हणंल. म्हणून रातचा ताप खोटा व्हता का? त्या दिवशी बेगम दुपारची घाट उतरली. हे सारे तिला तपासायला आले ते सकाळी, गारव्यात."

साहेब थांबले. मग त्यांनी खुर्ची मागवली आणि लिंबाच्या सावलीत बसले. मी मात्र उन्हातच उभा राहिलो.

बेगम घरघरत तापत राहिली. आत्यांनी ताक वाटलं. रसवंतीवाल्याला ग्लास देताना म्हणाल्या, "घे, फुकट हाय. तुझ्यासारखं बर्फ घालून अर्धा ग्लास भरत न्हाई मी." तोसुद्धा हसला. इंजिनाचा पंखा लागायचा, बंद पडायचा, परत लागायचा. मध्येच आत्या उठायच्या, बॉनेटवर तळहात ठेवायच्या आणि येऊन बसायच्या. एकदा म्हणाल्या, "अजून नखरे करायली."

ऊन पत्र्यावर पांढरं झालं तेव्हा त्या उठल्या. "चला. वैशाली, तुझ्या जागी बस. साहेब, तुम्ही माझ्या जागी. दांडी एकच हाय. तिच्या पायाला जे कळंल ते तुमच्या पायाला कळंल. बूट काढा."

साहेबांनी बूट काढले, मोजेही काढले. गर्दीत खसखस पिकली आणि लगेच विरली.

"इंजिन बंद. दाब. सोड. दाब. सोड." आत्या खिडकीशी वाकून म्हणत होत्या, आणि मागं उभ्या असलेल्या सगळ्या बायका, कधीकाळी याच अंगणात हेच शिकलेल्या, ओठांतल्या ओठांत तेच म्हणत होत्या. "आता धर. चावी फिरव."

इंजिन लागलं.

साहेबांनी खाली बघितलं. पायाला जोर दिला. परत दिला. मग वैशालीकडं बघून म्हणाले, "अहो, दगड आहे हा."

"परत करा," आत्या म्हणाल्या. परत केलं. मग साहेबांनी वैशालीला उतरवून तिच्या जागी बसून एकट्यानं केलं. तिन्ही वेळा दगड.

"इंजिन चालूच ठेवा. बॉनेट उघड रे मिस्तरी."

मी उघडलं. नळी मऊ पडली होती आणि आतल्या ओढीनं चपटी होऊन दोन्ही बाजू एकमेकींना चिकटल्या होत्या. काळी पट्टी दिसावी तशी. शेठ वाकले, बोटानं चाचपली आणि ताठ झाले. "ये तो ठिबक का पाइप है!"

"ही नळी कुणी बसवली?" साहेबांनी विचारलं.

मी बॉनेटची दांडी नीट बसवायला लागलो. आणि त्याच क्षणी आत्या मध्ये आल्या. "ते मागनं विचारा. ज्या निकालाला आलाव तो आधी द्या. पोरीचा पाय खरा का खोटा?"

"खरा."

"मोठ्यानं म्हणा साहेब. तिचा भाऊ मागं उभा हाय."

अनवाणी साहेब तापल्या मातीत पाय उचलत, ठेवत, ओरडले, "खरा!"

मग जे झालं ते मला जन्मभर पुरेल. बायकांनी आरडाओरडा केला, लेकरं दचकून रडायला लागली. वैशाली धावत गाडीत जाऊन बसली आणि तिनं हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. बेगम दौलताबाद रोडपर्यंत ऐकू जाईल अशी बोंबलत राहिली. रसवंतीवाला म्हणाला, "माझी नजर खोटी पडली, ताई," आणि सगळ्यांना रस पाजायला रसवंतीवर बोलावून गेला. भाऊ पुढं आला, खिडकीशी उभा राहिला, आणि त्या हॉर्नमध्ये बहिणीला काहीतरी म्हणाला. काय ते कुणाला ऐकू आलं नाही. पण ती हसली. आत्या ओट्यावर उभ्या राहून दोन्ही हात कमरेवर ठेवून सांगत होत्या, "मी म्हणलं न्हवतं? साऱ्या मराठवाड्यात असा पाय दुसरा न्हाई! आता दोन हायेत!"

नळीचा प्रश्न साहेब विसरले नव्हते. शेठ पुढं झाले. "गॅरेज मेरा है साब. गलती मेरी." साहेबांनी त्यांना सगळ्यांसमोर झापलं. शेठनी मान खाली घालून ऐकून घेतलं. आम्ही मिस्तरी तिघं होतो. कुणाचं काम ते त्यांनी कधीच विचारलं नाही, आम्हा तिघांवर मिळून एकदाच तोंड सोडलं.

"आता खरी नळी कुठून आणायची?" साहेब म्हणाले. माझा हात आपोआप खिशात गेला आणि मी ती काढली.

"वा!" साहेब म्हणाले. "मिस्तरी हुशार आहे तुमचा." बायकांनी माझ्यासाठीही टाळ्या वाजवल्या. वैशालीनं गाडीतून हात जोडले. मी वाकून नळी बसवायला लागलो. 

गर्दी रसवंतीकडं गेल्यावर आत्या पाना उचलून द्यायच्या निमित्तानं शेजारी आल्या. आमच्या बागेत त्या एकदा मोसंबी खायला येऊन गेल्या होत्या.

"लई तयारीनं आलास," त्या हळू म्हणाल्या. "तुझ्या बापाची मोसंबी तहानली असंल की रे."

"आत्या, मी…"

"मला नको सांगू. माझा पाय मला एक दिवसबी खोटा वाटला न्हाई. तिला वाटला. इतके दिवस ती रातचं उठून पायाकडं बघत बसायची, तिची माय सांगत व्हती. तिला सांग. मी सांगणार न्हाई, ते तुझं काम."

"सांगतो," मी म्हणालो.

आत्यांनी त्यानंतरही बेगम माझ्याशिवाय कुणाच्या हातात दिली नाही. प्रत्येक कामानंतर अनवाणी पायानं परीक्षा घ्यायच्या, माझ्याकडं बघायच्या आणि काही विचारायच्या नाहीत. आता त्या नाहीत. वैशालीला त्याच पावसाळ्यात लायसन मिळालं. पिकअप चालवली, पुढं भावालाही तिनंच शिकवलं, आणि आज आत्यांचं स्कूल तीच चालवते. गाडी नवी आहे, दही घरचंच आहे. ती माझ्या गॅरेजला येते तेव्हा नव्या पोरींना मला दाखवून सांगते, "हे काका त्या दिवशी नळी खिशात घेऊन आले होते." पोरी माझ्याकडं आदरानं बघतात.

आत्यांना मी सांगतो म्हणालो होतो. वैशालीला मी अजून सांगितलेलं नाही. तिला खरं सांगणं माझ्याकडं बाकी आहे.